देवाला सोडलेला पाला

“मोठ्यानं बोल गे. देवाला ऐकू जायला हवं.”

छत्तीस वर्षं झाली त्या आवाजाला. तरी भवानी शिवणयंत्रावर वाकली, की तो अजून तिच्या डाव्या कानाशी येऊन उभा राहतो. बापाचा आवाज. भजनात पहिली ओळ उचलणारा, पितळी भांड्यांच्या दुकानातून गिऱ्हाइकाला हाक मारली तर रस्त्यापलीकडच्या फुलवालीनं मान वर करावी असा. त्या दिवशी मात्र विठ्ठलाच्या पुढ्यात तो आवाज कापत होता.

“म्हण, विठोबा, माझ्या मानेचा झटका जाऊ दे. गळ्यातला हुंदका जाऊ दे. तोवर मला जे जिवापाड आवडतं ते मी तुला सोडलं.”

आठ वर्षांची पोर ती. तिला काय आवडतं हे कुणाला विचारावं लागलं नाही. शेवग्याचा पाला. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या घरात मराठी बोलत, पण पालेभाजीला सगळे इथल्या तमिळ बोलीतलं कीरै हेच नाव घेत. मऊ शिजवलेली, रवीनं घोटलेली, वर तुपाची धार, गरम भातात कालवलेली कीरै, आणि शेवटी तोंडात गुळाचा खडा. एवढं मिळालं की भवानी दिवसभर कुणाला त्रास देत नसे.

“कीरै सोडली,” ती म्हणाली.

“कुठली?”

“अस्की कीरै. झाडाची, वेलाची, सगळी. आणि गूळ.”

म्हणता म्हणता मान डाव्या खांद्याकडं हिसकली आणि गळ्यातून आवाज निघाला, ‘हुक्’, जणू कुणी आत कवाड आपटलं. मंडपात टाळ पुसत बसलेला एकजण फिसकन हसला. बापानं तिच्या मानेवर आपला तळवा ठेवला, पाखरू धरावं तसा, आणि नमस्कार होईपर्यंत काढला नाही.

झटका गेला नाही. नवस मात्र राहिला.

तसा एकदा मोडला होता. चौदाव्या वर्षी, शाळेतल्या रम्याच्या घरी. रम्याच्या आईनं न विचारता पानात कीरै वाढली, आणि वाफ नाकाशी आली तेव्हा भवानीचा हात तिच्या मनाला न विचारता खाली गेला. चार घास. चारच. पण त्या आठवड्यात मान अशी उसळायला लागली, की घास चावताना जीभ दाताखाली यायची. शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला व्हरांड्यात उभं करायला लागले. बाप जेवताना नुसता तिच्या पानाकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं असं भवानीला वाटलं, आणि त्यानंतर तिनं हिरव्या पाल्याकडं नजर वर करून पाहिलं नाही.

पुढचं आयुष्य सांगण्यासारखं थोडं. बघायला दोनदा माणसं आली. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. बाप गेला, आई गेली. दुकान धाकट्या भावाकडं, विष्णुवर्धनकडं आलं, आणि भवानी त्याच्या घरात अक्का होऊन राहिली. मधल्या खोलीत खिडकीशी यंत्र मांडून ती गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची. सुईत दोरा घातला, कापड हाताखाली सरकायला लागलं, की मान गप्प व्हायची. का, ते तिला ठाऊक नव्हतं. पण त्यामुळं ती सणासुदीला शिवायची, तापात शिवायची, बायका म्हणायच्या, “केवढं काम करते ही!”

भावाची मुलगी सौंदर्या चालायला लागली तीही याच यंत्राचा पाय धरून.

गेल्या वर्षी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, सौंदर्याचे डोळे मिचकायला लागले. एक, दोन, तीन, जणू धूर गेलाय. आठ वर्षांची होती. पवित्रानं, तिच्या आईनं, आधी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मग चष्मा करून आणला. मग नाक उडायला लागलं. आणि एका दुपारी, शाळेतून आल्या आल्या, दप्तर टाकता टाकता, गळ्यातून बारीक आवाज निघाला. ‘ख्क्’.

भवानीच्या हाताखालचं कापड वाकडं शिवलं गेलं.

पवित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डॉक्टरकडं जायच्या आधीच तिला कारण सापडलं होतं.

“बघून बघून शिकली,” ती नवऱ्याला म्हणाली, आवाज मुळीच हळू न करता. “दिवसभर त्यांच्या मांडीशी. दुसरं काय होणार? घरात एक कोंबडा होता, आता दोन झाले.”

“पवित्रा.”

“पवित्रा काय? मी खोटं बोलतेय? उद्या हिला बघायला येतील तेव्हा काय सांगू, आमच्याकडं वळणच तसं आहे म्हणून?”

विष्णुवर्धन वाईट माणूस नव्हता. त्याला भांडण सोसत नसे, एवढंच. चार दिवसांनी तो यंत्राजवळ येऊन बसला आणि बॉबिन हातात फिरवत म्हणाला, “अक्का, चोळपुरमला माझ्या ओळखीच्या गुरुमूर्तीच्या माडीवर खोली मोकळी आहे. हवा चांगली. थोडे दिवस. पोरीचं जरा थांबेपर्यंत.”

“आणि थांबलं नाही तर?”

त्यानं बॉबिन जाग्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. भवानीनं पोरीला हाताशी धरलं आणि विठ्ठलाकडं नेलं. हे तिनं कुणासाठी केलं, पोरीसाठी की स्वतःसाठी, हे पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर दरवेळी वेगळं यायचं.

मंडप रिकामा होता. समईत तेल घालून पुजारी आत गेला होता.

“हळूच बोल,” भवानी तिच्या कानाशी म्हणाली. “कुणाला ऐकू जायला नको. देवाला हळू बोललेलंही कळतं.”

“काय सोडू अत्या?”

“तुला काय आवडतं सगळ्यांत?”

सौंदर्यानं डोळे मिचकावले. “कीरै-भात. आणि तू. पण तुला कसं सोडू?”

भवानीनं तिला पोटाशी धरलं. “कीरै सोड. मीही तेच सोडलंय.”

“तुझा आवाज कुठं थांबला?”

पोरीचा प्रश्न सरळ होता. भवानीनं वळसा घेतला. “मी एकदा मोडलं ना. तू मोडू नकोस. तुझं थांबेल.”

आणि ते दोघींचं गुपित झालं. या घरात जेवण केळीच्या पानावर व्हायचं. पवित्रा दुपारी वाढायची, कीरैचा मोठा गोळा पोरीच्या पानात ठेवून म्हणायची, “अस्कं संपव हं.” सौंदर्या अत्याला चिकटून बसायची, तो गोळा भाताबरोबर कडेला सारायची, आणि शेवटी पानाची घडी त्याच्यावर घालायची. पानं उचलून मागच्या दारी गाईला टाकायचं काम भवानीचं. गाय कीरै आवडीनं खायची.

संध्याकाळी दिव्याच्या वेळी भवानी तिचे डोळे आपल्या तळव्यांनी झाकायची आणि मनात जुळेल तशी ओवी म्हणायची:

शेवग्याच्या फांदीवरी, पाखरू बसेना थिर
माझ्या बाळीच्या डोळ्याला, विठू, दे रे थोडा धीर

तळव्याखाली पापण्या फडफडत राहायच्या. कधी कमी, कधी जास्ती. कमी झाल्या, की भवानीला वाटायचं, ऐकलं त्यानं. जास्ती झाल्या, की ती पोरीच्या तोंडाचा वास घ्यायची, कुठं काही खाल्लंय का.

*

डॉक्टर वाणी तंजावूरहून दर गुरुवारी गावातल्या दवाखान्यात येत. लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर. फार तर पस्तिशीच्या, केसांत मोगरा, पायांत खेळायचे बूट. पवित्रानं जायच्या आधीच बजावलं होतं, “अक्का, तुम्हीही चला. त्यांनी डोळ्यांनी बघू दे, पोर कुठून शिकली ते.”

डॉक्टरांनी बघितलं. पोरीला बघितलं, मग भिंतीशी बसलेल्या भवानीकडं वळून तमिळमध्ये विचारलं, “अम्मा, तुम्हाला किती वर्षं?”

भवानीला हा प्रश्न असा कुणी केला नव्हता. ताप किती दिवस, असं विचारावं इतक्या सहज.

“सातव्या वर्षापासून.”

“येण्याआधी काही होतं का? खाज सुटावी, शिंक यावी तसं?”

“होतं,” भवानी म्हणाली. “मानेत पाणी भरल्यासारखं होतं. हिसका दिला की ओततं. मग पुन्हा भरतं.”

“मलाही!” सौंदर्या ओरडली. “माझ्या डोळ्यांत भरतं!”

डॉक्टर पवित्राकडं वळल्या. “हे बघून येत नाही. हे रक्तातून येतं, एका घरात दोघांना, तिघांना. या अम्मा शेजारच्या राज्यात राहत असत्या तरी हिला झालंच असतं. कुणाची चूक नाही.”

पवित्राचा चेहरा उतरला. भवानी जमिनीकडं बघत होती, म्हणून तिला तो दिसला नाही.

रक्ताचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी एका आकड्याभोवती वर्तुळ काढलं. सहा. “शरीरात लोखंडाचा साठा असतो. तीस तरी हवा. हिचा सहा आहे.” मग त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर डोक्याची बाजू काढली, आणि आत खोल, वाकलेल्या शेंगेसारखं काहीतरी. “हा भाग हालचालींना लगाम घालतो. कुठली होऊ द्यायची, कुठली अडवायची. ज्यांना असे झटके येतात अशा बऱ्याच मुलांची तपासणी काही ठिकाणी झाली. त्यांच्यात लोह कमी सापडलं. आणि ज्यांचं फार कमी, त्यांचे मेंदूतले काही भाग थोडे लहान दिसले.”

“लहान?” विष्णुवर्धन खुर्चीच्या कडेला आला. “वाळून जातात?”

“वाळत नाहीत हो. थोडा फरक, तोही पुष्कळ जणांची सरासरी काढली तर. लोह कमी म्हणून झटके आले, असं आज कुणीच छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण लोह मेंदूला लागतं. साठा संपलाय तो भरू या.”

तरी विष्णुवर्धननं स्कॅन काढायलाच लावला. पोर त्या नळीत पंचवीस मिनिटं न हलता पडून राहिली, मुठी आवळून, आणि बाहेर आल्यावर अर्धा तास नुसती उसळत राहिली, साठवलेलं सगळं एकदम फेकल्यासारखी. फोटो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाल्या, “एका पोरीच्या फोटोवरून ती शेंग लहान की मोठी हे नाही सांगता येत. घाबरू नका.” पण भवानीनं ती काळी-पांढरी फिल्म खिडकीशी धरून पुष्कळ वेळ बघितली. त्या करड्या घड्यांत कुठं तरी एक शेंग होती, आणि ती कित्येक महिने उपाशी होती. आणि आपल्या डोक्यातली? छत्तीस वर्षं.

“कीरै खाते का ही?” डॉक्टरांनी विचारलं होतं.

“रोज!” पवित्रा म्हणाली होती. “माझ्या हातानं वाढते. मुरुंगै, शेवग्याची, एक दिवस चुकत नाही.”

“मग तर छान. आता ही बाटली. चिन्नपोण्णू, छोट्या पोरी, घाबरू नकोस. कीरैत जे असतं ना, तेच यात आहे. पातळ करून भरलंय.”

सौंदर्यानं अत्याकडं बघितलं. डोळे तीनदा मिटले, उघडले. त्या वेळचं ते मिटणं दुखण्यातलं नव्हतं, हे फक्त भवानीला समजलं.

भवानीनं तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिनं. पण घरी पोचेपर्यंत थांबू, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि घरी पोचल्यावर पवित्रा पितळी पेला-टवऱ्यातून कॉफी घेऊन यंत्राजवळ आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली, फरशीवर, भवानीच्या पायांपाशी बसली.

“अक्का, मी फार बोलले तुम्हाला. कोंबडा म्हणाले. तोंड झडलं नाही माझं.”

“जाऊ दे गे.”

“नाही जाऊ देणार. चोळपुरमचं नाव या घरात पुन्हा निघायचं नाही, मी यांना सांगिटलंय. पोर तुमच्याच मांडीवर वाढू दे.” आणि तिनं भवानीचा हात धरून आपल्या डोळ्यांवर टेकवला. तळव्याला ओल लागली.

आता काय सांगायचं? की तू तेव्हा चुकलीस, पण आता म्हणशील तर बरोबर म्हणशील? भवानी कॉफी प्यायली. ती घशाखाली उतरली, आणि तिच्याबरोबर ते बोलणंही.

*

औषध रोज सकाळी चमच्यानं व्हायचं. सौंदर्या आ करायची, चमचा तोंडात घ्यायची, गाल फुगवून “हूं” म्हणायची आणि परसात पळायची. पहिल्याच दिवशी भवानीला धुण्याच्या दगडापाशी गंजासारखा तांबडा ओघळ दिसला. तिनं तांब्याभर पाणी ओतलं त्याच्यावर.

“सौंदू, औषध गिळायचं गे. औषध नव्हतं सोडलं आपण.”

“कीरैच आहे ती. डॉक्टर म्हणाल्या की. मी बरी फसेन!”

“देव रागवायचा नाही. मी सांगते ना.”

“मग तू खाशील? उद्या, माझ्यासमोर? खा, मग मी पण गिळते.”

एवढंच करायचं होतं. एक घास. भवानीनं त्या रात्रीपर्यंत स्वतःला समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पानात कीरै वाढून घेतली. पवित्रा हसली, “अरे वा, अक्का, आज सूर्य कुठून उगवला?” हिरवा मऊ गोळा, वर तूप. सौंदर्या श्वास रोखून बघत होती. भवानीनं घास केला, ओठांपर्यंत नेला. मान हिसकली. ‘हुक्’. घास पानात पडला. डाव्या कानाशी कुणीतरी उभं होतं, आणि तिच्या पानाकडं बघत होतं.

सौंदर्यानं आपल्या पानाची घडी घातली.

तीन महिन्यांनी दुसरा कागद आला. पाच. डॉक्टर वाणींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पवित्राला चमचा कुठला, वेळ कुठली, कॉफीबरोबर देता का, सगळं विचारलं. पवित्रा शपथेवर सांगत होती, न चुकता, रोज, माझ्या हातानं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, “जातंय पण शोषलं जात नाही, किंवा आत कुठं रक्त झिरपतंय. तंजावूरला दुर्बिणीनं बघून घेऊ. तोंडातून नळी घालतात. मुलांना भूल देतात, कळत नाही. आतड्याचा कणभर तुकडा तपासायला घेतात.” मग त्यांची नजर भिंतीशी गेली. “अम्मा, तुमचंही रक्त बघितलं. चार! चालता कशा तुम्ही? खाता काय?”

“घरात असतं ते,” भवानी म्हणाली.

त्या आठवड्यात पवित्रा जेवली नाही म्हटलं तरी चालेल. भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून विचारायची, “अक्का, तुकडा काढतात म्हणजे भोक नाही ना राहत?” विष्णुवर्धन दुकान लवकर बंद करून यायचा आणि पोरीच्या शेजारी नुसता बसायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवत. भवानीनं त्या आठवड्यात पाच पोलकी शिवली. दोन उसवली. रोज सकाळी ठरवायची, आज. पवित्रा विहिरीसारखे डोळे घेऊन समोर यायची आणि म्हणायची, “अक्का, तुम्ही आहात म्हणून धीर आहे.” मग आज जायचा.

तिला दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. सांगितलं, तर गुरुमूर्तीच्या माडीवरची खोली. आणि या खेपेला कुणी रागानं पाठवणार नाही, न्यायानं पाठवतील. नाही सांगितलं, तर पोरीच्या घशातून नळी. नळीत काही सापडणार नाही. मग आणखी एक नळी. आणखी एक कागद, त्यावर चार, तीन.

*

पहाटेपासून पोरीला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. सकाळच्या पॅसेंजरनं निघाले चौघं. डब्यात गर्दी नव्हती. पवित्रा पिशवीतल्या कागदांची पुन्हा पुन्हा चळत लावत होती. विष्णुवर्धन दारात उभा. सौंदर्या खिडकीशी, अत्याच्या कुशीत. तिचे ओठ कोरडे पडले होते, आणि डोळे, नाक, गळा, तिन्ही एकामागून एक चालू होते. भीती वाटली की वाढतं, हे भवानी स्वतःच्या मानेवरून जाणत होती.

सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनात गाडी थांबली. रुळापलीकडच्या शेतात रोपं लावणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या. एक इडलीवाला खिडकीपाशी आला. पवित्रानं त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

“भूक लागली का गे?” भवानीनं विचारलं.

सौंदर्यानं तिला खाली वाकायला लावलं. कानाशी तोंड आणलं. “लागली. पण अत्या, एक सांगू? आज मी पाणी पण सोडलं.”

“ते डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.”

“नाही. मी मनातल्या मनात देवाला सांगिटलं, हे पण तुलाच. कीरै एकट्यानं भागत नाहीये ना त्याचं. म्हणून.” तिचा श्वास कानाला गरम लागत होता. “घरी आल्यावर भात पण सोडू का? एक वेळचा? तू कितव्या वर्षी सोडलास एक वेळचा?”

भवानीनं तिच्या कोरड्या ओठांवरून बोट फिरवलं. अकराव्या वर्षी. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. पोरीनं नुसतं बघून ठेवलं होतं. मिचकावणं बघून शिकता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या होत्या. हे येत होतं.

“आणि अत्या, नळी घातली तरी मी नाही सांगणार. भूल दिल्यावर माणूस बोलतं का ग झोपेत? मी दात दाबून धरीन.”

गाडी हलली. वाकलेल्या बायका मागं गेल्या. पोरीनं आपली छोटी करंगळी भवानीच्या करंगळीत अडकवली आणि तशीच डोळे मिटून बसली. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं उसळत होती.

इस्पितळात त्यांना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. लांब खोली, निळ्या पडद्यांनी कप्पे केलेली. सौंदर्याला मागून बंद बांधायचा सैल अंगरखा घातला, तो तिच्या खांद्यावरून घसरत होता. मनगटाला नावाची पट्टी. हातात सुई टोचताना ती रडली नाही. अत्याकडं बघून तिनं दात दाबून दाखवले.

विष्णुवर्धन खाली पैसे भरायला गेला होता. पांढऱ्या कोटातली एक मुलगी फळीवर कागद लावून आली आणि पवित्राला तमिळमध्ये विचारत लिहू लागली. वजन किती? आधी कधी भूल दिली होती का? कशाची ॲलर्जी?

“औषध नियमित दिलंय?”

“एक दिवस चुकलं नाही,” पवित्रा म्हणाली. तिचा आवाज बसला होता, तरी त्यात एक अभिमान होता. आईनं आपलं केलेलं सांगावं तसा. “सकाळी उठल्या उठल्या, माझ्या हातानं.”

“खाण्यात पालेभाजी?”

“रोज. मुरुंगै. हिला लहानपणापासून फार आवडते.”

मुलीनं तिथं बरोबरची खूण केली. कागद उलटला. “इथं सही करा, अम्मा. आईची चालेल. मग आत घेऊ.”

पवित्रानं पेन घेतलं. पेनचं टोक कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं, एक निळा ठिपका पसरत गेला. “अक्का,” ती मराठीत म्हणाली, वर न बघता, “करू ना? तुम्ही सांगा. करू ना सही?”

भवानीची मान हिसकली. एकदा, दोनदा. गळ्यातला आवाज पडद्याला आपटून परत आला. पलीकडच्या कप्प्यातलं कुणीतरी बोलायचं थांबलं. खाटेवर सौंदर्या उठून बसली होती आणि जोरजोरानं नाही नाही अशी मान हलवत होती, “अत्या, नको. अत्या, आपलं ठरलंय.”

भवानीनं पवित्राच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“सही करू नकोस, पवित्रा. तिच्या पोटात काही बिघाड नाही. तिच्या पोटात कीरै गेलीच नाही गे, वर्ष झालं. देवापुढं उभी करून मी ती सोडायला लावली, माझ्या बापानं मला लावली तशी. तू वाढायचीस आणि मी पान उचलून गाईला घालायची. औषधही ती थुंकते. कीरैच आहे म्हणून. पहिल्या दिवसापासून मी दगडावर पाणी ओततेय. तुला सांगितलं असतं तर तू मला हिच्यापासून तोडलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.”